व्हिएन्ना, वाखाऊ आणि क्युसेकमधली डॅन्यूब

नाशिकहून आलेली पाहुणे मंडळी व्हिएन्नातल्या पहिल्या संध्याकाळी श्वेडेनप्लाट्झच्या पुलावर उभी राहतात. खाली दोन भिंतींमध्ये कोंडलेलं हिरवट पाणी बघतात आणि हळूच विचारतात, "हीच का ती डॅन्यूब?" नाही. हा तिचा जुना फाटा, डोनाऊकानाल. खरी नदी बघायची तर तिथूनच यू-1 मेट्रो पकडा आणि चौथ्या स्टेशनवर, डोनाऊइन्झेलला, उतरा. हे स्टेशन पुलाच्या पोटातच आहे. बाहेर पडलं की पाय बेटावर. बेटाच्या एका अंगाला मुख्य डॅन्यूब, दुसऱ्या अंगाला 'नवी डॅन्यूब'.

गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं यावर पावसाळ्यातला दिवस ठरवणाऱ्यांसाठी हिशेब क्युसेकमध्येच, म्हणजे सेकंदाला किती घनफूट यात, केलेला बरा. व्हिएन्नाजवळ डॅन्यूब सरासरी सेकंदाला सुमारे 1,900 घनमीटर वाहते, म्हणजे 67 हजार क्युसेक. आणि हे एरवीच्या दिवशी. 2013च्या जूनमधल्या पुरात आकडा 11,000 घनमीटरच्या आसपास गेला, जवळपास 3 लाख 90 हजार क्युसेक. तरी शहर बुडालं नाही, आणि त्याचं कारण पायाखालचं हे बेट.

पूर्वी इथे डॅन्यूब अनेक फाट्यांनी पसरून वाहायची आणि दर पुरात वाट बदलायची. 1870 ते 1875 या काळात तिच्यासाठी सरळ पात्र खोदलं. तुटून राहिलेला जुना वळसा आज 'आल्टे डोनाऊ' नावाचा तलाव आहे, तिथे लोक होड्या चालवतात. पण 1899 आणि 1954च्या पुरांनी दाखवून दिलं की एवढ्याने भागत नाही. मग 1972 ते 1988 या काळात मुख्य पात्राला समांतर, 21 किलोमीटर लांबीचं दुसरं पात्र खोदलं आणि निघालेल्या मातीचं मधोमध बेट केलं. मोजमाप धरलं ते 1501 सालच्या पुराचं: अंदाजे 14,000 घनमीटर, म्हणजे 4 लाख 94 हजार क्युसेक. एरवी नवी डॅन्यूब दरवाजे बंद करून तलावासारखी शांत ठेवतात आणि उन्हाळ्यात लोक तिच्यात पोहतात. वरच्या अंगाला पाणी चढलं की मुखाचे दरवाजे उघडतात आणि जास्तीचं पाणी इकडून काढून देतात. त्या दिवसांत आणि पूर ओसरल्यावरही काही काळ पोहायला बंदी असते, कारण पुराबरोबर सगळी घाण येते. उन्हाळ्याच्या सहलीत पोहण्याचा बेत असेल तर आधी चौकशी करा.

मोठ्या नदीचा बंदोबस्त झाला म्हणून निर्धास्त मात्र राहू नये. सप्टेंबर 2024च्या पावसात गोंधळ घातला तो व्हीन नावाच्या छोट्या नदीने. एरवी घोटाभर पाण्याची ही नदी यू-4 मेट्रोच्या रुळांशेजारून वाहते. ती फुगल्यावर त्या मार्गाचा काही भाग बंद ठेवावा लागला. पावसाळ्यात नाशिकची छोटी नासर्डी नदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.

व्हिएन्नात पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं पाणी प्या. ते आल्प्सच्या झऱ्यांतून येतं आणि उताराने येतं, पंप न लावता. पहिली जलवाहिनी 1873ची, दुसरी 1910ची. दुसरीतलं पाणी 180 किलोमीटरचा प्रवास साधारण दीड दिवसात करतं. पहिलीमागे एदुआर्ड झ्यूस हा भूगर्भशास्त्रज्ञ होता, आणि डॅन्यूबच्या सरळीकरणाच्या आयोगातही तो होता. याच माणसाने पुढे 'गोंडवनालँड' हे प्राचीन महाखंडाचं नाव जगभर रूढ केलं. आपल्या विदर्भाशेजारचं गोंडवन व्हिएन्नाच्या नळापाशी असं भेटतं.

आता खोरं. मेल्क ते क्रेम्स हा डॅन्यूबचा साधारण 36 किलोमीटरचा पट्टा म्हणजे वाखाऊ. 2000 साली तो युनेस्कोच्या यादीत गेला. एका दिवसात होतो, फक्त दिशा चुकवू नका. सकाळी रेल्वेने मेल्क गाठा. बहुतेक वेळा सांक्ट प्योल्टनला गाडी बदलावी लागते. मेल्कचा पिवळा मठ बघून बोटीने प्रवाहाबरोबर क्रेम्सला उतरा आणि तिथून रेल्वेने व्हिएन्नाच्या फ्रान्झ-योझेफ्स स्टेशनवर परत या, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. उलटं केलंत तर बोट प्रवाहाविरुद्ध जाते आणि पावणेदोन तासांचा प्रवास तीन तासांच्या घरात पोचतो. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. पाणी फार चढलं की त्या बंद पडतात, म्हणून निघण्याआधी एकदा बघून घ्या. मेल्कचा धक्का मठापासून चालत दहा-पंधरा मिनिटं आहे, आणि ही पंधरा मिनिटं विसरल्यामुळेच बोट सुटते.

वाटेत उतरायचंच तर ड्युर्नश्टाइनला उतरा. वरच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192-93च्या हिवाळ्यात कैदेत होता. त्याला धरलं होतं व्हिएन्नाजवळच्या एर्डबेर्गमध्ये, आज तिथे यू-3चं साधं स्टेशन आहे. खंडणीच्या चांदीतला ऑस्ट्रियाचा वाटा व्हिएन्नाच्या तटबंदीत गेला. साडेसहा शतकांनी तो तट पाडला आणि त्या जागेवर रिंगश्ट्रासे हा शहराभोवतीचा रस्ता झाला, 1865 साली. किल्ला अर्ध्या तासाची चढण आहे, चपला घालून चढू नका.

खोऱ्यात नदीला दुसरं पात्र द्यायला जागाच नाही, डोंगर थेट पाण्यात उतरतो. त्यामुळे क्रेम्सशेजारच्या श्टाइनसारख्या गावांत काठावर खांबांच्या जागा तयार ठेवलेल्या असतात. पुराचा इशारा आला की खांब रोवून त्यांच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक बसवतात, पाणी उतरलं की भिंत पुन्हा गोदामात. जुन्या घरांच्या दारांशेजारी पुराच्या रेघा कोरलेल्या दिसतात, प्रत्येक रेघेपुढे साल. आपल्याकडे हे काम गोदावरीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती करते; पाणी मारुतीच्या कमरेला की गळ्याला, एवढं सांगितलं की पंचवटीला पुरतं.

पिंपळगाव-ओझरकडच्या द्राक्ष बागायतदाराने हे द्राक्षांचं खोरं एकदा तरी बघावं. इथे मांडव नाही. उभ्या चढणीवर दगडी पायऱ्या, बांध चुन्या-सिमेंटशिवाय रचलेले, आणि एकेका पायरीवर वेलीच्या मोजक्याच ओळी. ट्रॅक्टर चढत नाही, तोडणी हातानेच. बांधात सिमेंट का नाही? पावसाचं पाणी दगडांच्या फटींतून झिरपून जायला हवं. फटी बुजल्या की मागची माती फुगते आणि बांध पोट काढून ढासळतो. माती पातळ असल्यामुळे इथेही ठिबक आलंय.

छाटणी वर्षातून एकदाच, जानेवारी ते मार्चमध्ये, कारण वेल थंडीत झोपलेली असते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. थंडीची भीती दोन्हीकडे आहे, फक्त वेळ वेगळी. निफाडचा पारा घसरला की पहाटे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटतात. इथे एप्रिलअखेर कोवळ्या फुटीवर दहिवर पडलं की पेंढ्याचे गठ्ठे धुमसवतात. उबेपेक्षा धूर महत्त्वाचा: गोठलेल्या फुटीवर सकाळचं ऊन एकदम पडलं तर ती करपते, धुराआड सावकाश वितळली तर वाचते.

इथल्या वाइनच्या बाटलीवर तीन शब्द दिसतील: श्टाइनफेडर सगळ्यात हलकी, अल्कोहोल 11.5 टक्क्यांपर्यंत, फेडरश्पील 11.5 ते 12.5, श्माराग्ड 12.5च्या पुढे. शेवटचं नाव बांधांवर ऊन खाणाऱ्या हिरव्या सरड्याचं. न पिणाऱ्यांनी जर्दाळूचा रस मागावा.

शाकाहारींसाठी दोन सापळे. भाजीचं किंवा शेवयांचं दिसणारं सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं, 'रिंड' शब्द दिसला की थांबा. आणि पावाला लावायचं गुलाबी लिप्टाउअर, म्हणजे ताज्या चीजची पेस्ट, त्यात कधी खारवलेली मासळी असते, विचारूनच घ्या. जुलैत मिळतो तो मारिलेनक्न्योडेल: जर्दाळूची बी काढून तिथे साखरेचा खडा, भोवती ताज्या चीजची पारी, दहा-बारा मिनिटं पाण्यात, मग लोण्यात भाजलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळायचा. पारीत अंडं असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी नुसते जर्दाळू घ्यावेत, रस्त्याकडेच्या टपरीवर किलोने मिळतात. घरी करायचा असेल तर मोदकाला हात बसलेल्यांना पारी जमते, चुकतं ते पाणी. खळखळ उकळलं की जोड उघडतो आणि पातेल्यात जर्दाळू एकीकडे, पारी दुसरीकडे. आच मंद ठेवा. गोळा वर तरंगला तरी लगेच काढू नका, मधला साखरेचा खडा विरघळायला आणखी दोन-तीन मिनिटं लागतात.