दवाखान्यात जायचं कोणी ठरवायचं?

बाळंतपणात बाई दगावली की डॉक्टर कुठे होते, गाडी का मिळाली नाही, हेच आधी विचारलं जातं. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये बाईच्या जिवावर बेतणारे तीन विलंब मांडले, त्यात मात्र पहिला विलंब दवाखान्यात जायचं की नाही हे ठरवण्यातला आहे. रस्त्यात जाणारा वेळ आणि दवाखान्यात उपचार मिळेपर्यंतचा वेळ त्यानंतर येतात.

त्रास तिला होतो. पण निर्णय नवऱ्याचा किंवा सासूचा, पैसे आणखी कोणाच्या हातात आणि सोबतीला पुरुष हवाच. यातलं एक जरी घरी नसलं तरी सगळं अडतं. त्यात ‘एवढं सोसावंच लागतं’ ही समजूत. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहरा सुजणं ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणं असू शकतात. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला तर लगेच उपचार हवेत. घरात मात्र तिला नाजूक म्हणून गप्प बसवतात. प्रसूतीनंतर अर्धा लिटर किंवा जास्त रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव. त्यात बाई दोन तासांतसुद्धा जाऊ शकते. तेवढ्यात कोणाची परवानगी मागत बसणार?

म्हणून सातव्या महिन्यातच बोलून ठेवा. दवाखाना कोणता, रात्री गाडी कोणाची, ती नसली तर दुसरी कोणाची, रक्त कोण देईल, घरची मुलं कोणाकडे. थोडे पैसे तिच्याच हातात असू द्या. आणि रक्त जाणं, झटके, तीव्र डोकेदुखी, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर कोणालाही न विचारता निघायचं, हे नवऱ्याने सगळ्यांसमोर सांगावं. तिने एकटीने सांगून ते सहसा टिकत नाही.

पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत हवी, एकूण किमान आठ, असं जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगते. लाजेपायी किंवा पुरुष डॉक्टर नको म्हणून पहिलीच तपासणी लांबली, तर रक्तक्षय भरून काढायला हवे असलेले आठवडे हातचे जातात.

नवरा तपासणीला आला तर चांगलंच, पण तिची इच्छा असेल तरच. ‘नवऱ्याला घेऊन या’ अशी सक्ती केली की एकट्या बाईला दारच बंद होतं. आणि तो आलेला असला तरी डॉक्टरांनी थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोलावं. घरातली मारहाण ती त्याच्यासमोर सांगणार नाही.

बाळ सुखरूप आलं की आईच्या तपासण्या सुटतात, आणि हे फार महागात पडतं. पहिले चोवीस तास, मग दुसरा-तिसरा दिवस, दुसरा आठवडा आणि सहावा आठवडा, एवढ्या वेळी तिलाही तपासायला हवं. बाळाला लसीला नेलं की त्याच फेरीत आईचा रक्तदाब मोजून घ्या, स्राव किती आणि ताप आहे का तेही सांगा.