दोष सावलीचा नव्हता

गोराईच्या एका वाडीतून आलं पोसत नाही म्हणून फोन आला तेव्हा कंदकूजच, म्हणजे कंद सडण्याचा रोग, असणार असं मी धरून चालले होते. माती तपासून खताचा सल्ला देणं हे माझं काम, आणि मुंबईतल्या मुंबईत शेतावर जायला मिळतं ते क्वचितच.

वाडीत जुने, उंच माड. त्यांच्याखाली गादीवाफ्यांवर आलं दाट माजलेलं, पानं काळपट हिरवी. पिवळेपणा नाही, कुजका वास नाही. वाडीवाले काका म्हणाले, "ताई, वरून बघू नका. उपटून बघा."

उपटलं. एवढ्या पाल्याखाली आल्याची करंगळीएवढी बोटं, आणि त्यांच्यात माडाची तपकिरी मुळं सुतळीसारखी गुंतलेली.

"सावलीत आलं पोसत नाही," काकांनी निकाल देऊन टाकला.

मला ते पटेना. साधारण 25 टक्के सावली आल्याला मानवते; केरळात माडाखाली ते सर्रास घेतात. मी चार माडांच्या बरोबर मधल्या वाफ्यातलं एक रोप खणायला लावलं. सावली तीच, पण गड्डा निघाला पंजाएवढा, भरलेला.

मग खोदून खोदून विचारलं. बाकीचे वाफे थेट बुंध्याला टेकवलेले. माडाची खाणारी मुळं बहुतेक बुंध्यापासून 2 मीटरच्या आतच असतात. माडाला वेगळं खत? "आल्याचं मिळतंच की त्याला." आणि आल्याला? युरिया, तोही भर पावसात एकदाच. युरियात फक्त नत्र (नायट्रोजन), आणि नुसत्या नत्राने पाला माजतो. कंद भरायला पालाश (पोटॅश) लागतं, आणि तेच या जमिनीत कुणी घातलं नव्हतं. मधल्या वाफ्यात तेवढी काकी चुलीची राख टाकत आल्या होत्या. राखेत पालाश असतं!

केरळ कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 30 टन शेणखत आणि नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश 75:50:50 किलो अशी आहे. गुंठ्याला हिशेब करून दिला: शेणखत 3 क्विंटल, युरिया सुमारे 1.6 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 3 किलो, म्युरेट ऑफ पोटॅश 800 ग्रॅम. सगळं स्फुरद आणि अर्धं पालाश लागवडीला, अर्धं नत्र 60 दिवसांनी, उरलेलं दोन्ही 120 दिवसांनी. विभागून देणं मला आकड्यांहून महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडच्या पावसात एकदम टाकलेला युरिया टिकतच नाही. माडाचं खत वेगळं, त्याच्या आळ्यात.

मधला वाफा मात्र काढू नका म्हटलं. पाला वाळू दे, पुढच्या लागवडीचं बेणं त्यातलंच धरा.

"राख टाकत राहू ना?" काकींनी विचारलं.

"टाका. फक्त युरियाबरोबर नको, नत्र उडून जातं."