कपाटातली बोजोले

शनिवारी दुपारी तांदळाची पिशवी शोधायला कपाटात डोकं घातलं, तर मागे, चिंचेच्या पुड्यांच्या आड, बोजोले नुव्हो या वाइनची बाटली. गेल्या नोव्हेंबरातली. कुणी आलं की काढू, म्हणून ठेवलेली. आता ऑगस्ट संपत आलाय.

फ्रान्सातल्या लिओंमध्ये राहून असं करणं म्हणजे माघातला हुरडा आषाढासाठी जपून ठेवण्यासारखं आहे. इथले लोक म्हणतात, आमच्या गावाला तीन नद्या: रोन, सोन आणि बोजोले. तिसरीचं उगमस्थान गावाच्या उत्तरेला टेकड्यांवर. द्राक्ष गामे, साल काळी आणि रस मात्र पांढरा. बर्गंडीच्या फिलिप नावाच्या ड्यूकने १३९५ साली या बिचाऱ्या वेलीला बेइमान ठरवून उपटून टाकायचा हुकूम काढला होता. पीक भरघोस, पण वाइन कडवट, अशी तक्रार. बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत मात्र ती अशी रुजली, की आज ड्यूक कुणाला आठवत नाही.

नुव्हो म्हणजे नवी. शरद ऋतूच्या तोंडाशी तोडलेली द्राक्षं, आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी दुकानात वाइन. घड अख्खेच बंद टाकीत घालतात, त्यामुळे आंबायची सुरुवात मण्याच्या आतच होते. काही दिवसांतच रस काढून घेतात, त्यामुळे रंग आणि वास भरपूर उतरतो, जीभ आवळणारा तुरटपणा मात्र फारसा नाही. स्ट्रॉबेरी, चेरी, आणि कधी कधी चक्क पिकलेलं केळं. केळं लागलं की मला शिकरण आठवते आणि मग चेहरा गंभीर ठेवून पिता येत नाही.

आमच्या मिरजेच्या घरी नव्याला हात लावायची सोयच नव्हती. मे महिन्यात कैरीचं लोणचं व्हायचं. बरणीला दादरा बांधून आजी ती फळीवर चढवायची, आणि पानात मात्र गेल्या वर्षीचं, काळं पडलेलं, मऊ झालेलं. "आधी जुनं संपू दे." ते संपेपर्यंत नवं जुनं झालेलं असे. तांदळाचं तेच, नवा गिचका होतो म्हणून. फ्रॉकचं तेच, उंची वाढली तरी. एकदा आजी दुपारची लवंडली असताना आतेभावाने स्टुलावर चढून दादरा सोडला. फोड करकरीत, मोहरी थेट नाकात. आम्ही दोघं ठसकलो, आणि झोपलेल्या आजीचा आवाज आला, "मुरलं नाही अजून, मेल्यांनो." डोळे मिटूनच. इतकं चविष्ट लोणचं मी पुन्हा खाल्लेलं नाही.

सगळीच बोजोले अशी उतावळी नसते, हेही सांगायला हवं. उत्तरेकडच्या दहा क्रूंचा, म्हणजे स्वतःच्या नावाने वाइन विकणाऱ्या खास भागांचा, थाट वेगळा. फ्लरी नाजूक, मोर्गों भारदस्त, आणि मुलँ-आ-व्हाँ चांगल्या सालातली असेल तर दहा वर्षंही मुरते. आजीला ती पटली असती. (वाइन हा प्रकार पटला असता का, हा प्रश्न वेगळा. आईला मी अजून द्राक्षाचा रस म्हणूनच सांगते.)

बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली. ही तांबडी असली तरी थोडी गारच बरी. इथल्या बुशोंमध्ये, म्हणजे खास लिओंच्या खानावळींत, ती जाड बुडाच्या ४६ सेंटीलिटरच्या बाटलीतून येते आणि सोबत सॉसेजचे काप. मी शाकाहारी, मला सर्व्हेल द कानू. नावाचा अर्थ रेशीम विणकराचा मेंदू, आणि वस्तू म्हणजे लसूण, कांदा, हिरवी पात, थोडं व्हिनेगर घालून फेटलेलं ताजं चीज. लसूण घातलेला चक्का समजा. भाकरीशी अप्रतिम लागतो. मी ज्वारीचं पीठ मिरजेहून आणते, तेही पुरवून पुरवून वापरते.

पहिला घोट घेतला. केळं गेलेलं, स्ट्रॉबेरी दमलेली. वाईट नव्हती, नुसती गप्प होती. अर्धा ग्लास झाला आणि बूच लावून बाटली पुन्हा फ्रीजमध्ये ठेवली.

नोव्हेंबरात नवी येईल. पण आधी ही संपायला हवी.