झाडीपट्टीतून पाहिलेले दिलीप प्रभावळकर
आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, ऐन झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात आहे. धान घरात आले आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) भरला की रात्री नाटक ठरलेले असे, आणि ते पहाटेपर्यंत चाले. मंडपाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसालाही ऐकू जाणारा खडा आवाज आणि दुरून दिसणारे हातवारे, हीच नटाची ओळख असे मी लहानपणापासून मानत आलो. त्या समजाच्या शेजारी प्रभावळकरांनी दुसरा एक समज आणून ठेवला, त्याविषयी लिहावे असे फार दिवस मनात होते.

४ ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत जन्मलेल्या या नटाला घरोघरी पोहोचवले ते चिं. वि. जोशींच्या कथांवर बेतलेल्या दूरदर्शन मालिकेने. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ पाहायला लोक कामे आटोपून बसत. तो काळ आमच्या वाट्याला आला नाही, कारण मुंबई केंद्राचे ते प्रक्षेपण विदर्भातल्या खेड्यांपर्यंत येतच नव्हते.

आम्हाला ते भेटले २००१ नंतर, 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा म्हणून. गावात तेव्हा केबल नव्हती, म्हणून ब्रह्मपुरीला काकांकडे मुक्काम पडला की मी ती मालिका चुकवत नसे. ज्या रोजनिशीवजा लेखनावर ती आधारलेली होती ते 'अनुदिनी' त्यांचेच, त्यामुळे आबांची भाषा त्यांच्या तोंडी आयती बसली होती. तरीही मला मोठे वाटते ते त्यांचे ऐकणे. सून श्यामल किंवा नातू शिऱ्या बोलत असताना आबा काहीच करीत नसत, फक्त ऐकत, आणि त्या ऐकण्यातूनच त्यांचे मत आपल्याला कळे. कॅमेरा हातभर अंतरावर असताना डोळ्यांची एवढीशी हालचाल पुरते, हे मंडपातल्या नाटकांवर वाढलेल्या मला तिथे प्रथम उमगले. त्या वेळी प्रभावळकर अवघे सत्तावन्न वर्षांचे होते. आबांचे म्हातारपण त्यांनी पाठीच्या बाकापेक्षा बोलण्याच्या संथ लयीतून उभे केले होते.

'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी आणि 'शेवरी' या मराठी चित्रपटातली भूमिका यांसाठी त्यांना २००६ चा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या लेखी मात्र त्याहून मोठी पावती आमच्या आजीची आहे. १९९३ च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू तिने गावातल्या एका टीव्हीवर पाहिला होता आणि त्याची तिला मनापासून भीती वाटे. पुढे एकदा आबांकडे बोट दाखवून मी तिला सांगितले की तो विंचू म्हणजे हेच. तिने चष्मा पुसला, पडद्याजवळ सरकून पुष्कळ वेळ निरखून पाहिले आणि म्हणाली, "नाही गा, हा तो नव्हे." त्यानंतर मी कितीदा तरी समजावले, पण तिने ते अखेरपर्यंत मान्य केले नाही.