रोल-अप जमला, टीझर लांबणीवर

मंडळी, पिलाटेस व्यायामातला रोल-अप पूर्ण झाला, म्हणजे उताणं झोपून एकेक मणका उचलत बसतं होणं! झटका न देता, टाचा न उचलता. मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना माझी अडलेली जागा ठाऊक आहे: बरगड्या सुटायच्या, पण पाठीचा कंबरेजवळचा पट्टा सपाटच राहायचा, पाय हवेत जायचे आणि रात्री कंबर ठणकायची.

पोटात ताकद होती, प्लँक आरामात टिकतो. अडवत होता सोआस. ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसून तो आखडतो. हा स्नायू कंबरेच्या मणक्यांपासून थेट मांडीच्या हाडापर्यंत जातो. पोटाची पकड जरा सुटली की उचलायचं काम तो अंगावर घेतो, कंबर पुढे खेचतो, मग मणका गोल होणार कसा?

आता आधी एक गुडघा टेकवून, माकडहाड खाली वळवून जांघ ताणते. मग बसूनच सुरुवात: गुडघे किंचित वाकवलेले, तळव्यांना थेराबँड (ताणायची रबरी पट्टी), आणि श्वास सोडत अर्ध्यापर्यंतच मागे. परवा बरगड्या खाली सरकल्या, बेंबी आत गेली आणि तो हट्टी पट्टा एकेक मणक्यानं मॅटला टेकत गेला. तसाच सुटतही आला! बँड बाजूला ठेवून पुन्हा केला, तेव्हाही जमला.

ही पद्धत घडवणाऱ्या जोसेफ पिलाटेसच्या ३४ मॅट व्यायामांत रोल-अप दुसराच, हंड्रेड या पहिल्या व्यायामाच्या लगेच नंतर. कंबरदुखीवाल्यांना तो इतक्या लवकर देऊ नये असं माझं ठाम मत आहे. वाकल्यावर कळ पायात उतरत असेल तर करूच नका, आधी फिजिओला दाखवा.

मॅटबद्दल: ६ मिमीची योगा मॅट रोलिंगला माकडहाडाला टोचते. १५ मिमीची घेतली, पाठ सुखावली, पण साइड किकला (कुशीवर झोपून पाय हलवताना) त्यावर डुगडुगायला होतं. गुडघ्यांत दाबायच्या पिलाटेस रिंगवर पैसे घालू नका, घडी केलेला टॉवेल पुरतो.

पुढे टीझर ठरला होता, म्हणजे पाय आणि धड एकत्र उचलून इंग्रजी V चा आकार. पण लिहिता लिहिता लक्षात येतंय, त्यातही सोआसवरच ताण. शिवाय दिवसभर पुढे झुकून बसणाऱ्या पाठीला मागे वाकणं जास्त हवं. तेव्हा आता छोटा स्वान (पालथं झोपून छाती उचलणं) आणि शोल्डर ब्रिज (उताणं झोपून कंबर उचलणं).

ब्रिजमध्ये मांडीच्या मागे गोळा येतो. टाचा जवळ घेतल्या की कमी होतो, जात मात्र नाही. कुणी काय केलंत?