मुंबई ते न्यूयॉर्क : फूटपट्टीभर दोरा

लेक न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीला गेल्यापासून साताऱ्यात भेटेल तो विचारतो, "बाई, किती लांब हो ते?" सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली, त्यामुळे नुसता आकडा सांगून माझं समाधान होत नाही. मी घरी बोलावते आणि पृथ्वीगोल पुढ्यात ठेवते.

गोल बारा इंची आहे. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणायचं. दोरा आपसूक उत्तरेकडे सरकतो. भिंतीवरचा नकाशा डोक्यात बसलेला असतो, म्हणून विमान आफ्रिकेवरून सरळ पश्चिमेला जात असेल असंच सगळे धरून चालतात. दोरा मात्र सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया असा चढत सेंट पीटर्सबर्गच्या जवळून आइसलँडवर पोचतो, ग्रीनलंडचं दक्षिण टोक गाठतो आणि कॅनडावरून खाली उतरतो. तोच दोरा फूटपट्टीवर ठेवला की जवळजवळ तीस सेंटिमीटर भरतो. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२० किलोमीटर. गुणाकार करा, साडेबारा हजार! हे उत्तर मुलांच्या तोंडून यायचं तेव्हा वर्गात जो गलका व्हायचा, तो मला फार आवडायचा.

आता वेळ. ताशी ९०० किलोमीटर धरले तर चौदा तास. प्रत्यक्षात जाताना सोळाच्या आसपास लागतात, येताना त्याहून कमी. कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये असाच वारा पाठीशी घेऊन एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. याहून बोलकं उदाहरण आपल्या एअर इंडियाचं. २०१६ मध्ये त्यांनी दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे, वाऱ्याच्याच दिशेने नेलं. अंतर हजाराहून जास्त किलोमीटरांनी वाढलं, तरी वेळ वाचला!

वाऱ्याइतकंच महत्त्व आकाश कोणाचं याला आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. रशियावरून अमेरिकन विमानांना २०२२ पासून जाता येत नाही. म्हणजे दोऱ्याची वाट कागदावर सर्वांत जवळची असली, तरी तिकीट कुठल्या कंपनीचं आहे त्यावर विमानाचा वळसा ठरतो. युद्धाची बातमी आली की मला आधी आठवतात ते लेकरांकडे निघालेले म्हातारे आईबाप आणि त्यांचे सुजलेले पाय.

तिकिटावरच्या वेळा पाहून मात्र फसू नका. मध्यरात्री एकला निघून त्याच दिवशी सकाळी सातला उतरणं म्हणजे सहा तासांचा प्रवास नव्हे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. ते मिळवा. वर साताऱ्याहून मुंबईचे पाच-सहा तास आणि विमानतळावरचे तीन धरा. औषधांचे डोस या बेरजेवर बसवा आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.