सात किलोंचा तपास

जून महिन्यात ऑस्करला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. काट्यावर उभा केला तर आकडा आला 41.2. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसता चष्मा वर केला आणि मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी ऑस्करकडे पाहिलं, आणि ऑस्कर टेबलावरच्या बिस्किटांच्या बरणीकडे बघत बसला होता.

"34 पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "सात किलो जास्त आहे. गुडघे जातील याचे."

गाडीत मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुम्ही असताना?" त्या दोन शब्दांवर माझी रात्रीची झोप उडाली.

तर, माझा धंदा. ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनच्या बाजूला एका टॉवरमध्ये 27व्या मजल्यावर दोन कुत्रे आहेत, आणि त्यांना सांभाळायला पूर्णवेळ मी आहे. सकाळी सहा ते रात्री आठ, मंगळवारी सुट्टी, महिन्याला 30 हजार. ऑस्कर म्हणजे सहा वर्षांचा पिवळा लॅब्रेडॉर. मिमी शिह त्झू जातीची, ताईंची. तिचे डोळे दिवसातून दोनदा पुसावे लागतात, नाहीतर नाकाच्या बाजूला तांबडे ओघळ धरतात. त्या घरात 'कुत्रा' म्हणायचं नाही, 'बेबी' म्हणायचं. आमच्या लोकमान्य नगरात आई शेजारणीला सांगते, "आमचा कुत्री फिरवतो." बहिणीच्या लग्नाच्या बैठकीत मात्र तीच म्हणाली, "पेट केअरमध्ये आहे." तेव्हा तिने चहाचा कप जरा उंच धरला होता.

आधी पाच वर्षं मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होतो. कुत्रा धरायचा, तोंड बांधायचं, सलाईन लागलं की पाय हलू द्यायचा नाही. मग पहाटे पाच-पाच कुत्रे फिरवायला लागलो. तेव्हा उपवन तलावावर मला सगळे ओळखायचे, नावाने नाही, "पाच पट्टेवाला" म्हणून. या घरात आलो त्याला आता तीन वर्षं झाली.

लोकांना वाटतं की या कामाला कुत्र्यांची आवड लागते. लागते, पण त्याहून जास्त लागते ती बारीक नजर आणि वही. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. किती ग्रॅम खाल्लं, किती वेळा शी झाली आणि कशी, कान कसे होते, पंजा चाटला का, पाणी किती प्यायला, सगळं तिच्यात. पावसाळ्यात तर आणखी दोन रकाने वाढतात. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या का, आणि गोचीड मिळाली का. गोचीड हाताला लागते कानाच्या आतल्या घडीत, नाहीतर बोटांच्या मधोमध, मोहरीएवढी. एक चुकली आणि टिक फीव्हर झाला की प्लेटलेट खाली येतात, हिरड्या पांढऱ्या पडतात. आणि डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही, उंदरांच्या मुतातून लेप्टो नावाचा ताप होतो, लस असली तरी. मी हे वॉचमनला सांगितलं तर तो म्हणाला, "आम्ही रोज त्यातूनच चालतो की."

हे झालं. पण वजनाचा रकाना मी भरत नव्हतो. ती माझी चूक. दवाखान्यात वर्षातून दोनदा वजन होतं, तेवढं पुरे असं समजून चालत होतो. रोज बघितलं की फरक दिसत नाही, पोट सुटलेल्या माणसाला आरशात दिसत नाही तसं.

घरी येऊन हाताने पाहिलं. त्याची एक सोपी ओळख आहे. मूठ वळा आणि मुठीच्या हाडांवर बोट फिरवा, बरगड्या तशा टोचत असतील तर कुत्रा फार वाळलेला. हात सरळ करून हाताच्याच पाठीवर बोट फिरवा, तशा लागल्या तर बरोबर. आणि तळहातासारखं मऊ लागलं तर जाड. ऑस्करच्या बरगड्या शोधायला मला बोटं दाबावी लागली. वरून पाहिलं तर कंबर नव्हतीच, चहाच्या टेबलासारखी सपाट पाठ.

मी तर त्याला रोज 380 ग्रॅम देत होतो, डॉक्टरांनीच ठरवून दिलेलं, काट्यावर मोजून. मग सात किलो कुठून आले?

पहिला संशय स्वयंपाकाच्या मावशींवर. मावशी चपात्या लाटताना पहिली छोटी चपाती ऑस्करला देतात, गायीच्या घासासारखी. विचारलं तर म्हणाल्या, "एक तर देते. पोटच्या पोरासारखा बघत बसतो." दुसरा संशय साहेबांवर. रविवारी कबाबचा तुकडा हळूच टेबलाखाली जातो. तिसऱ्या ताई, चीजच्या चौकोनी तुकड्यावर फोटोसाठी 'सिट' करून घेतात, आणि फोटो एकदा काढून थोडाच भागतो! चौथा खालचा वॉचमन, ग्लुकोजचं बिस्कीट. प्रत्येकाचं म्हणणं एकच, मी फक्त एवढंसंच देतो. मी सगळ्यांचं एवढंसं एवढंसं वहीत मांडलं, तरी बेरीज जमेना. दोनशेएक कॅलरी निघत होत्या. सात किलोंना त्या पुरत नव्हत्या.

लॅबचं, म्हणजे लॅब्रेडॉरचं, एक असतं, तो कधीच 'पोट भरलं' म्हणत नाही. डॉक्टरांनी मला सांगितलेलं. 2016 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांना लॅब्रेडॉरच्या एका जीनमध्ये तुकडा गळालेला सापडला, आणि साधारण चारातल्या एका लॅबमध्ये तो असतो. जीनचं नाव पीओएमसी. तो तुकडा गळाला की पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत नीट पोचत नाही. पुढे त्याच लोकांनी हेही दाखवलं की असे कुत्रे बसल्या जागी ऊर्जाही कमी खर्च करतात. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. हे कळल्यावर मला ऑस्करचा राग कमी आला. त्याला लबाड म्हणायचो मी. आणि अमेरिकेत 48 लॅब पिल्लांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, ते जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. दोन वर्षं! आपल्या हिशोबात दहा-बारा झाली.

डॉक्टरांनी नवा हिशोब मांडून दिला, दिवसाला 290 ग्रॅम. मॅडमनी महागातलं 'लाइट' खाणं मागवलं. घरच्या सगळ्यांना मी हात जोडून सांगितलं. मावशींनी छोटी चपाती बंद केली. साहेबांनी शब्द दिला. ताईंनी चीजऐवजी गाजर केलं. दोन आठवड्यांनी वजन केलं: 41.0. दोनशे ग्रॅम उतरले. हे तर सकाळची शी झाली तरी उतरतात.

उत्तर मिळालं ते मिमीमुळे. तिचं ऑपरेशन झालं, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन, आणि पहिल्या रात्री कुणीतरी जागं राहायचं होतं. मी राहिलो. हॉलमध्ये गादी टाकली, मिमीला शेजारी घेतली. साडेतीनपर्यंत ती कण्हत होती, मग झोपली. चारच्या सुमारास मलाही डुलकी लागली असेल.

स्वयंपाकघराच्या दिव्याने जाग आली. घड्याळात 4.20. आलं ठेचल्याचा वास. बघतो तर साहेबांचे वडील, आजोबा, बंडी आणि लुंगीत ओट्यापाशी उभे, गॅसवर चहा उकळतोय. आणि पायाशी ऑस्कर बसलेला, सरळ, पंजे जोडून. मी त्याला 'सिट' शिकवायला दोन महिने घेतले होते, पण एवढा ताठ बसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

आजोबांनी पत्र्याचा डबा उघडला. खारी. एक उचलली, कपात बुडवली, अर्धी स्वतः खाल्ली आणि अर्धी खाली धरली. ऑस्करने ती इतक्या अलगद घेतली की पापुद्रासुद्धा पडला नाही. मग दुसरी. मग तिसरी, ही अख्खीच त्याला. आजोबा त्याच्याशी बोलत होते. "वाघ्या, पाऊस लांबला बघ यंदा." ते त्याला वाघ्याच म्हणतात, ऑस्कर हे नाव त्यांच्या तोंडात बसत नाही. कोरेगावकडचे आहेत ते. शेताचं काहीतरी चाललं होतं, भावकीचं, बांधाचं. ऑस्कर कान हलवत होता. मी मोजत होतो. अर्ध्या धरून चार खाऱ्या झाल्या. एका खारीत साठ-सत्तर कॅलरी. त्याच्या दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा, मी पायरी चढून कामावर यायच्या आधीच.

पाचव्या खारीला त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"जागा हाईस व्हय?"

"आत्ता उठलो, आजोबा."

"चहा घे."

मी घेतला. खारीही घेतली. कोणीच काही बोललं नाही.

आता सांगतो, या कामात सगळ्यात वाईट हे असतं. वहीत काय लिहायचं? मॅडम वही बघतात, फोटो काढून डॉक्टरांना पाठवतात. 'आजोबा, पहाटे, खारी' असं लिहिलं तर सात किलोंचा निकाल लागला. पण त्यानंतर मी त्या घरात काय तोंडाने वावरणार? दुपारी तीनला सगळे आपापल्या कामाला गेले की त्या 27व्या मजल्यावर आम्ही चौघंच असतो. आजोबा, मी आणि दोन बेबी. आजींना जाऊन चार वर्षं झाली. पहाटे चारला उठायची सवय शेतकऱ्याची, ती लिफ्ट असलेल्या घरात आली म्हणून जात नाही.

लिफ्टवरून आठवलं. आमच्या टॉवरला दोन लिफ्ट आहेत, एक संगमरवरी आणि एक सर्व्हिस. सर्व्हिसवर पाटी होती: सामान, कचरा, घरकाम कर्मचारी व पाळीव प्राणी. मॅडमनी प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना कमिटीला दाखवल्या, पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही म्हणून, आणि पाटीवरचे 'पाळीव प्राणी' पुसले गेले. तेव्हापासून ऑस्कर बरोबर असला की मी संगमरवरी लिफ्टने जातो. एकटा असलो की सर्व्हिसने. माझ्यासाठी कोणी परिपत्रक काढलेलं नाही.

असो. वहीतला तो रकाना मी पंधरा दिवस कोरा ठेवला. मॅडमनी विचारलं तर "बघतोय" म्हणालो. खोटं नव्हतं ते, बघतच होतो.

मग एका दुपारी आजोबांच्या खोलीत गेलो. ते गुडघ्याला तेल लावत होते. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं, वाटी बदललेली. मी ऑस्करला आत बोलावलं आणि म्हटलं, "आजोबा, जरा याच्या मागच्या पायाला हात लावा." तो बसून उठताना आधी पुढचे पाय टेकतो, मग मागचं अंग ओढतो, हे त्यांनाही माहीत होतं. हात ठेवून म्हणाले, "वाजतंय की रं."

"तुमचं कसं वाजत होतं?"

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खारीनं?"

"एकट्या खारीनं नाही. पण खारीनंपण."

"मग तो पहाटं माझ्यासंगं बसायचा न्हाई."

हा मुद्दा माझ्या वहीत नव्हता. मी स्वयंपाकघरातून स्टीलचा छोटा डबा आणला, मावशींचा मेथीचा होता. रोजच्या 290 ग्रॅममधले 60 मोजून त्यात घातले. सकाळी 110, संध्याकाळी 120, आणि हे 60 तुमचे, असं सांगितलं. आजोबांनी एक दाणा उचलून नाकाशी नेला. "ह्ये कोरडं? जनावराला पेंड घालतात तसं?" मी म्हटलं, कोमट पाण्यात भिजवा, चहात नको. कुरकुर केली. मग भाव करायला लागले, जणू बाजारात बैल घ्यायला आलेत. रोज एक खारी. मी म्हटलं, नाही. एक दिवसाआड. नाही. शेवटी शुक्रवारी अर्धी यावर सौदा पटला. वहीत लिहिलं: 'पहाट, 60 ग्रॅम, आजोबांच्या हातून.' मॅडमनी वाचलं, काही विचारलं नाही.

जुलै अखेर 40.1. ऑगस्टमध्ये 38.9. सप्टेंबरमध्ये 37.4. दर आठवड्याला मी काटा बाथरूममधून हॉलमध्ये आणतो, आधी एकटा उभा राहतो, मग ऑस्करला उचलून. तो काट्यावर चार पाय एका वेळी ठेवत नाही, म्हणून हा उपद्व्याप. माझी कंबर धरते. मॅडमना वाटतं ही किमया त्या महागड्या 'लाइट' खाण्याची आहे. मैत्रिणींनाही तेच सांगतात. सांगू दे. दिवाळीला त्यांनी मला वेगळं पाकीट दिलं, ते मी घेतलं.

ऑक्टोबरमध्ये 36.3 झाला. उपवनला आता तो तलावाची पूर्ण फेरी मारतो, मधे बसत नाही. उन्हात मात्र नेत नाही. उलटा हात रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघतो, मला चटका बसला तर त्यालाही बसणार. येऊरला न्या, फोटो छान येतील, असं ताई म्हणतात. मी सकाळी उजाडल्यावर आणि फाटकाच्या अलीकडेच नेतो. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथल्या बिबट्याला कुत्रा फार आवडतो आणि लॅब्रेडॉर की गावठी हे तो बघत नाही.

आता गंमत अशी की गेले तीन आठवडे काटा 36.3 वरच अडकलाय. खाणं तेच, फिरणं तेच, मावशींना विचारून झालं, वॉचमनलाही विचारून झालं. काल सकाळी पट्टा बांधताना ऑस्करच्या मिशीत काहीतरी चिकटलेलं दिसलं. काढून बघितलं. पातळ, सोनेरी, चुरचुरीत.

काल सोमवार होता.

आजोबा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. पेपर जरा जास्तच वर धरला होता. मी म्हटलं, "आजोबा, उद्या माझी सुट्टी आहे. परवा वजन करणार."

पेपराच्या मागून आवाज आला, "कर की."